जागा घ्यावी, पण किती वर्षांसाठी?

आमच्या परिचयाच्या एका शेतकरी गृहस्थांचे पत्र ऐन पावसाळ्यात आम्हांस आले. त्यांच्या वाडीचा एक पट्टा नव्या रस्त्यात गेला आणि त्याच्या मोबदल्याचे ३५ लाख रुपये हाती आले. थोरले चिरंजीव हैदराबादेत नोकरीस आहेत. धाकट्या कन्येस परिचारिकेचे शिक्षण घ्यावयाचे आहे. गृहस्थ स्वतः साठीच्या पुढे गेलेले. हैदराबादच्या अफझलगंज भागात, पुलापासून थोड्या अंतरावर, मुसी नदीच्या काठी एका नव्या इमारतीतील ६० लाखांची सदनिका चिरंजीवांस दाखविण्यात आली होती. दलालाचे म्हणणे असे, की हातचे ३५ लाख घाला आणि ३० लाखांचे कर्ज काढा. नदीकाठ लवकरच सुशोभित होणार, तीन वर्षांत भाव दुप्पट होणार. शिवाय ही शेवटचीच सदनिका उरली आहे आणि दिवाळीनंतर दर वाढणार आहेत. "आपण चार लोकांत वावरता, तेव्हा घ्यावी की न घ्यावी ते एका शब्दात कळवावे," अशी गृहस्थांची विनंती होती.

एका शब्दात उत्तर देणे आम्हांस जमले नाही. आम्ही उलट विचारले, "किती वर्षांसाठी?" यावर ते किंचित् रागावले. त्यांनी लिहिले, "जागा काय वर्षांच्या हिशेबाने घेतात? जागा म्हणजे जागा. सोने आणि जमीन कधी बुडत नाही."

वाचकहो, हे उत्तर आपणांपैकी बहुतेकांच्या घरी रोज ऐकू येते. म्हणूनच त्या गृहस्थांस जे पुढे सविस्तर लिहिले, ते येथे सर्वांपुढे ठेवण्याचे ठरविले. जागा बुडत नाही हे काही अंशी खरे असेल. पण जागा न बुडता जागा घेणारा मात्र बुडतो, ही गोष्ट आम्ही पुष्कळ पाहिली आहे. बहुतेक वेळा त्याचे कारण जागा वाईट होती हे नसते. जागेचा काळ आणि पैशाचा काळ यांचा मेळ बसलेला नसतो, हे असते.

योगायोगाने आम्हांस त्याच सुमारास हैदराबादला जावयाचे होते. एका शनिवारी सकाळी चिरंजीवांस बरोबर घेऊन आम्ही अफझलगंजात फिरलो.

ज्यांनी हा भाग पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. जुने शहर आणि नवे शहर यांच्यामधून मुसी वाहते. चारमिनारकडून येताना नया पूल ओलांडला, की उत्तर तीरावर अफझलगंज लागते. एका अंगास उस्मानिया रुग्णालयाचे घुमट, तर दुसरीकडे राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची भव्य इमारत. आणि या दोहोंच्या पाठीशी धान्य, किराणा, सुका मेवा, लोखंडी सामान यांची दाटीवाटीची दुकाने थेट बेगम बाजारापर्यंत पसरलेली. हातगाड्या, हमाल, रिक्षा आणि नदीचा वास यांतून वाट काढीत चालावे लागते. गौळीगुड्यात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेली असल्यामुळे आपली भाषाही मधूनच कानी पडते.

पाचवे निजाम अफझल उद्दौला यांची कारकीर्द १८५७ ते १८६९ अशी होती. त्यांनी धान्याच्या व्यापाऱ्यांना बाजार भरविण्यासाठी ही जागा दिली व त्यांच्याच नावावरून तिला अफझलगंज म्हणू लागले. जागा देणाऱ्याची दृष्टी लांबची होती, घेणाऱ्यांची जवळची होती. आणि यात कोणाचीच चूक नव्हती. राजाला पुढील शंभर वर्षे शहराला धान्य पुरविणारा बाजार हवा होता. व्यापाऱ्याला पुढील हंगामात पोती कोठे उतरवायची ते ठरवावयाचे होते. पूल जवळ, शहराची वेस जवळ, पाणी जवळ. धान्याच्या व्यापाऱ्याला आणखी काय पाहिजे? चाळीसएक वर्षांत नदीच्या दोन्ही काठांवर घरे आणि दुकाने अगदी पाण्यापर्यंत उतरली.

नंतर १९०८ साल उजाडले. सप्टेंबरच्या अखेरीस संततधार पाऊस झाला. मुसीच्या वरच्या अंगाची दोनशेहून अधिक तळी फुटली, आणि २८ सप्टेंबर रोजी त्या साऱ्या पाण्याचा लोंढा शहरात शिरला. मृतांचा आकडा निरनिराळा सांगितला जातो. साधारणपणे १५,००० हा आकडा दिला जातो. अफझलगंजाचे त्या वेळचे रुग्णालय पाण्यात गेले. जवळच्या एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे लोकांनी प्राण वाचविले, असे सांगतात. ती चिंच आज उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात उभी आहे. आम्ही तिच्याखाली थोडा वेळ थांबलो. चिरंजीवांनी कित्येक वेळा तेथून ये-जा केली होती. पण झाडाची हकीकत त्यांच्या कानी प्रथमच पडली. सदनिका दाखविणाऱ्या दलालाने ती सांगितली नव्हती हे निराळे सांगावयास नकोच.

तेव्हा १८७० मध्ये या काठावर दुकान घेणारा शहाणा होता की मूर्ख? वीस वर्षे धंदा करून ज्याने १८९० मध्ये दुकान विकले, त्याचा निर्णय उत्तम ठरला. ज्याने तेच दुकान नातवंडांसाठी म्हणून राखले, त्याचा निर्णय घातक ठरला. जागा तीच, दाम तेच, आणि अक्कलही कदाचित् सारखीच. फरक एवढाच, की एकाचा मुक्काम नदीच्या दोन मोठ्या पुरांच्या दरम्यान संपला, दुसऱ्याचा संपला नाही. दहा वर्षांसाठी जागा घेणाऱ्याला शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर बहुधा भेटत नाही. शंभर वर्षांसाठी घेणाऱ्याला तो भेटणार हे धरूनच चालले पाहिजे.

पुराच्या पुढची हकीकत आम्हांस अधिक मोलाची वाटते. निजाम सरकारने सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलावून घेतले. मुंबई सरकारच्या नोकरीतून ते नुकतेच मोकळे झाले होते. १९०९ मध्ये त्यांनी पाहणी करून सल्ला दिला, तो असा: शहरात नदीशी झगडू नका, वरच्या अंगास, शहराबाहेर, पाणी अडवा. त्यांच्या योजनेतून उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये पुरा झाला. म्हणजे सल्ल्यापासून दुसऱ्या धरणापर्यंत १८ वर्षे गेली. ज्यांच्या कारकिर्दीत हा सल्ला मागितला, ते सहावे निजाम महबूब अली खान १९११ मध्येच निवर्तले होते. १९१२ मध्ये नगर सुधारणा मंडळ स्थापन झाले. काठावरची दाट वस्ती हलविणे, रस्ते रुंद करणे व नदीकाठी बागा करणे ही कामे त्याने हाती घेतली. आज आपण पाहतो ती रुग्णालयाची आणि ग्रंथालयाची इमारत त्यानंतरच्या काळातली. आपण ज्यात राहणार नाही असे शहर बांधण्यासाठी पैसा खर्च करणे ही गोष्ट राजाला परवडली, कारण राज्याची मुदत माणसाच्या मुदतीहून लांब असते. कुटुंबाला हे क्वचितच परवडते.

ग्रंथालयापासून आत वळल्यावर एका जुन्या धान्य दुकानात आम्ही टेकलो. मालक मूळचे मराठी घरातले, आता सत्तरीत आलेले. आमचा प्रश्न ऐकून ते हसले. म्हणाले, "साहेब, माझ्याकडे तीन वह्या आहेत. एक उधारीची, ती पंधरा दिवसांची. दुसरी या दुकानाची. हे पागडीचे आहे, माझ्या पोराने धंदा चालवला तोवर त्याला मोल, नाही तर नुसत्या चार भिंती. तिसरी घराची. ते उंचावर घेतले आहे, तिकडे बर्कतपुऱ्याच्या बाजूला. पंधरा दिवसांचा पैसा मी कधी घरात घातला नाही, आणि घराचा पैसा कधी उधारीत घातला नाही." मग चिरंजीवांकडे पाहून त्यांनी विचारले, "बाळ, तुझा पैसा कोणत्या वहीतला?" चिरंजीव गप्प राहिले. आम्हीही राहिलो. कारण आमच्या गृहस्थांचे ३५ लाख तिन्ही वह्यांतले होते आणि ते एकाच वहीत लिहिण्याचा बेत चालला होता. कन्येचे शुल्क येत्या वर्षापासून लागणार; तिचे लग्न चार-पाच वर्षांत निघणार; म्हाताऱ्यांचा औषधपाण्याचा खर्च वीस वर्षे चालणार; आणि चिरंजीवांची नोकरी हैदराबादेत दोन वर्षे राहील की बारा, हे त्यांनाच ठाऊक नाही.

आता आकडे मांडू. आकड्यांचा कंटाळा करू नये, कारण फसवणूक बहुधा आपण जो आकडा मांडत नाही तेथेच लपलेली असते.

तेलंगणात सदनिकेच्या खरेदीवर मुद्रांक शुल्क, हस्तांतर शुल्क आणि नोंदणी मिळून साधारण साडेसात टक्के भरावे लागतात. ६० लाखांवर हे झाले साडेचार लाख. दलाली एक टक्का धरली तर आणखी ६० हजार. एकूण ५ लाख १० हजार रुपये पहिल्याच दिवशी खर्ची पडले. ते भिंतीत नाहीत की जमिनीत नाहीत. सदनिका तीन वर्षे ठेवली, तर हा खर्च वर्षाला १ लाख ७० हजार पडतो. वीस वर्षे ठेवली, तर वर्षाला साडेपंचवीस हजार. खर्च तोच, पण वर्षांच्या लांबीने तो पातळ होत जातो.

आता भाव. 'तीन वर्षांत दुप्पट' याचा अर्थ वर्षाला जवळजवळ २६ टक्के वाढ. असे कधी घडत नाही असे नाही. पण कन्येचे शुल्क 'कधीतरी घडते' यावर भरता येत नाही. वर्षाला ५ टक्के वाढ धरली तर ६० लाखांचे तीन वर्षांत सुमारे ६९ लाख ४६ हजार होतात. त्यांतून विकतेवेळची दलाली आणि आरंभीचा खर्च वजा करता हाती राहतात सुमारे ३ लाख ६७ हजार. परंतु ३० लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढले असेल, तर महिन्याचा हप्ता सुमारे २७ हजार. त्या पहिल्या हप्त्यातील साडेबावीस हजार निव्वळ व्याज असते व मुद्दल फिटते जेमतेम साडेचार हजार. तीन वर्षांत व्याजापायी सुमारे ७ लाख ८७ हजार जातात. मिळाले पावणेचार, गेले पावणेआठ! चिरंजीवांचे घरभाडे वाचेल हे खरे. वर्षाला दीड लाख धरू. तरी साडेचार लाखांनी तोंडमिळवणी कशीबशी होते, आणि त्यातच देखभाल, मालमत्ता कर व रंगरंगोटी यांचा खर्च राहिलाच. शिवाय स्वतःचे ३५ लाख तीन वर्षे काहीही न कमावता अडकून पडले. तेच बँकेत साडेसहा टक्क्यांनी ठेवले असते, तर कर देण्यापूर्वी त्यांवर सुमारे सव्वासात लाख व्याज झाले असते.

पाच वर्षे हप्ते भरले तर बरे दिसेल, असे कोणी म्हणेल. पाच वर्षांत सुमारे १६ लाख २० हजार भरून होतात. तरी ३० लाखांपैकी साडेसव्वीस लाखांहून अधिक कर्ज शिल्लकच असते. दीर्घ मुदतीचे कर्ज काढून थोड्या मुदतीत जागा विकणाऱ्याने बँकेचे व्याज भरले, जागेचे मुद्दल नव्हे. हीच सदनिका वीस वर्षे राखली आणि वाढ तीच ५ टक्के धरली, तर भाव सुमारे १ कोटी ५९ लाख होतो, कर्ज फिटलेले असते आणि वीस वर्षे डोक्यावर स्वतःचे छप्पर असते. तेव्हा एकाच सदनिकेसंबंधी 'घेऊ नका' आणि 'अवश्य घ्या' ही दोन्ही उत्तरे खरी आहेत.

सरकारही करात हाच भेद करते. घर किंवा जमीन दोन वर्षांच्या आत विकली, तर होणारा नफा नेहमीच्या उत्पन्नात मिळवून त्यावर कर लागतो. दोन वर्षांहून अधिक राखली तर तो दीर्घ मुदतीचा नफा ठरतो व जुलै २०२४ मध्ये केलेल्या बदलानंतर त्यावर साडेबारा टक्के दर आहे. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या मिळकतीसाठी येथील रहिवाशांना महागाईचा हिशेब धरून २० टक्क्यांचा जुना पर्यायही ठेवला आहे. वडिलोपार्जित मिळकत विकणाऱ्यांनी दोन्ही रीतींनी मांडून पाहावे. आपल्या खेड्यातील शेतजमिनीचे नियम निराळे आहेत.

ही दृष्टी काही नवी नाही. जुन्या करारातील लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात जमिनीच्या विक्रीचे नियम आहेत, ते पुनः वाचावेत. दर पन्नासाव्या वर्षी, म्हणजे योबेलच्या वर्षी, जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावयाची. म्हणून तिची किंमत योबेलला किती वर्षे उरली आहेत त्यावर ठरवावयाची. वर्षे अधिक तर किंमत अधिक, वर्षे थोडी तर किंमत थोडी. कारण विकली जातात ती पिके, माती नव्हे. आणखी गंमत अशी, की तटबंदीच्या शहरातील घर विकल्यास ते सोडवून घेण्यास एकच वर्ष मिळे, पुढे ते कायमचे गेले. मात्र खेड्यातील घर शेताप्रमाणे धरले जाई. शहरी घराची आणि गावच्या जमिनीची घटका निराळी आहे हे त्या नियमकर्त्याने जाणले होते. यिर्मया संदेष्ट्याने तर यरुशलेमला वेढा पडलेला असताना अनाथोथचे शेत १७ शेकेल रुपे मोजून घेतले आणि खरेदीखत मातीच्या भांड्यात ठेवविले, ते पुष्कळ दिवस टिकावे म्हणून. त्या दिवसाच्या बाजारभावाने तो व्यवहार वेडगळ होता. पण त्याची नजर पुढच्या पिढीवर होती, आणि तो पैसा त्याला उद्याच्या जेवणासाठी लागणार नव्हता.

आता कोणी म्हणेल, की हैदराबादेत तर लोक जमिनीवर कोट्यधीश झाले. झाले खरे. शहराच्या पश्चिमेस कोकापेट म्हणून गाव आहे. २००६ मध्ये तेथील सरकारी जमिनीचा लिलाव झाला, तेव्हा एकरी १४ कोटींच्या वर बोली गेली व लोकांनी तोंडात बोटे घातली. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच कोकापेटात एका भूखंडास एकरी १०० कोटी ७५ लाख भाव आला. भूखंड निराळे आहेत, तरी वर्षाला बारा टक्क्यांच्या आसपास वाढ दिसते. वर्तमानपत्रात हे दोन आकडे शेजारी शेजारी छापले की डोळे दिपतात. मधली सतरा वर्षे कोणी छापीत नाही. २००८ मध्ये जगभर मंदी आली, भाव कोसळले, बोली लावणाऱ्यांपैकी काहींस उरलेला पैसा भरणे नकोसे झाले आणि प्रकरणे न्यायालयात गेली. ज्याचा पैसा सतरा वर्षे थांबू शकत होता, तो तरला. ज्याला तिसऱ्या वर्षी पैसा लागला, त्याच्या दृष्टीने ती जमीन चांगली असून उपयोग नव्हता.

कायद्यालाही स्वतःची मुदत असते आणि ती कोणास अगोदर कळत नाही. ज्या दोन धरणांनी अफझलगंजाला अभय दिले, त्यांच्या संरक्षणासाठी १९९६ मध्ये सरकारने १११ क्रमांकाचा आदेश काढून तलावांच्या १० किलोमीटरच्या परिसरात, ८४ गावांत, मोठ्या बांधकामावर निर्बंध घातले. शहरातील चतुर लोकांनी 'आज ना उद्या आदेश उठेल' म्हणून तेथे स्वस्तात जमिनी घेऊन ठेवल्या. एप्रिल २०२२ मध्ये तो आदेश मागे घेण्याचे पाऊल सरकारने उचलले. म्हणजे २६ वर्षे लागली! ज्याने चाळिशीत जमीन घेतली, तो तोपर्यंत सहासष्ट वर्षांचा झाला. आणि ज्या शेतकऱ्याने मध्येच मुलीच्या लग्नासाठी ती विकून टाकली, त्याच्या घरी त्या दिवशी काय बोलणे झाले असेल, याची कल्पना वसईच्या पट्ट्यातील आमच्या वाचकांस करता येईल.

नदीकाठाचीही अशीच गोष्ट. जुलै २०२४ मध्ये तलाव, नाले यांवरील अतिक्रमणे हटविण्यासाठी 'हैड्रा' नावाची यंत्रणा स्थापन झाली. त्याच वर्षी मुसीच्या पात्रातील घरांवर खुणा करून कुटुंबांना इतरत्र हलविण्याचे काम सुरू झाले. त्यांत वर्षानुवर्षे वीजबिल आणि घरपट्टी भरणारी माणसेही होती. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस दोन्ही तलावांतून पाणी सोडल्यावर मुसीचे पाणी महात्मा गांधी बसस्थानकात शिरले व प्रवासी अडकले. हे स्थानक १९९४ पासून इमलीबन येथे, नदीच्या पात्रातील बेटावर आहे. इमलीबन म्हणजे चिंचेचे बन. दरम्यान उस्मानिया रुग्णालयाची जुनी इमारत जुलै २०२० मध्ये आत पाणी शिरल्यानंतर बंद करण्यात आली, आणि जानेवारी २०२५ मध्ये गोशामहाल येथे नव्या रुग्णालयाची पायाभरणी झाली. रुग्णालयाभोवती औषधांची दुकाने, खाणावळी आणि भाड्याच्या खोल्या यांचा संसार असतो. त्यांतील गाळा तीस वर्षांच्या हिशेबाने घेणाऱ्याने या पायाभरणीची बातमी नीट वाचावयास हवी. तीन वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेणाऱ्याला तिची एवढी चिंता नको.

बांधणाऱ्याचीही मुदत विचारून घ्यावी. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणे बांधकामातील दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून ५ वर्षे बांधणाऱ्यावर असते. म्हणजे हप्ते वीस वर्षे आपले, जबाबदारी पाच वर्षे त्याची. इमारत म्हातारी होते, जमीन होत नाही. सदनिकेत आपल्या वाट्याला जमीन किती येते हे कागदावर पाहिल्याशिवाय वीस-तीस वर्षांची भाषा बोलू नये. आणि पुढे जितके लांब पाहावयाचे, तितके मागेही पाहावे. चांगले वकील ३० वर्षांच्या नोंदींचा शोध घेतात. नदीकाठी मात्र तीस वर्षे अपुरी पडतात. तेथे १९०८ पर्यंत मागे जावे लागते आणि ती नोंद निबंधकाच्या कचेरीत नसून एका झाडाखाली आहे.

येथे आम्हांस आमच्याच घरातील एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही स्वतः एका वाढत्या गावाच्या टोकास भूखंड घेतला. 'पाच वर्षांत स्टेशन होणार' असे विकणाऱ्याने सांगितले होते. स्टेशन अद्याप झालेले नाही. जागा वाईट नाही. आमचा हिशेब वाईट होता, कारण तो पैसा घरच्या आजारपणासाठी ठेवलेला होता आणि आजारपण स्टेशनच्या आधी आले. भूखंड घाईने विकावा लागला. घाईने विकणाऱ्याचा चेहरा घेणाऱ्यास दुरूनच ओळखू येतो. असो.

अफझलगंजाहून परतल्यावर गृहस्थांस आम्ही लिहिले, की आपणांस सदनिका घेऊ नका असे आमचे सांगणे नाही. ३५ लाखांच्या आधी तीन पुड्या बांधा. पाच वर्षांच्या आत लागणारा पैसा विटा-मातीत मुळीच घालू नका; तो ज्या ज्या वर्षी लागणार त्या त्या वर्षी हाती येईल अशा मुदतीच्या ठेवींत ठेवा. म्हातारपणाच्या पुडीला हात लावू नका. उरलेल्यात, चिरंजीव जर दहा वर्षे त्या शहरात राहणार असतील, तर घर अवश्य पाहावे, पण पावसाळ्यात पाहावे, आणि पूररेषा कोठून जाते ते नकाशावर पाहून मगच इसार द्यावा.

त्यांचे उत्तर नुकतेच आले. कन्येच्या शिक्षणाचे आणि लग्नाचे मिळून १५ लाख त्यांनी चार निरनिराळ्या मुदतींच्या ठेवींत घातले आहेत. १० लाख म्हातारा-म्हातारीसाठी बाजूस काढले. उरलेल्या दहांविषयी घरात अजून एकमत नाही. आईचे मत शेजारची पडीक वाडी विकत घ्यावी असे, तर चिरंजीवांचे मत थोडे थांबावे असे आहे. ते सध्या भाड्याच्याच घरात राहतात. दिवाळी उलटून गेली तरी दलालाने दाखविलेली ती 'शेवटची' सदनिका रिकामीच आहे असे ते कळवितात. भावही तोच आहे.